मागच्या चाकाला कळतं

मृगाचा पहिला पाऊस झाला की आमचे आण्णा सायकलीची दोन्ही मडगार्डं काढून ठेवायचे. आमच्या भागात शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. त्या आखाड्याच्या कुडाला खिळ्यावर अडकवलेली मडगार्डं थेट दसऱ्यानंतर खाली उतरायची. पावसानं गंजू नयेत म्हणून काढत असतील, असं मला लहानपणी वाटायचं. पुढं चाळिशी ओलांडल्यावर एकदा नांदेडच्या सायकल दुकानात उभी होते. दुकानातल्या पोरानं एक नवीकोरी सायकल उलटी केली, मागच्या चाकाजवळ बोट नेलं आणि म्हणाला, "मॅडम, टायर आणि फ्रेमच्या मधे किती जागा आहे ते आधी बघा. रंगाचं नंतर." त्याचं बोट त्या फटीतून आरपार गेलं आणि मला आण्णांची मडगार्डं आठवली. काळ्या रानातली ओली माती चाकाला धरते, चाकाबरोबर वर जाते, मडगार्डात दाटते आणि मग चाक फिरायचंच थांबतं. आण्णा दर पावसाळ्यात चिखलाला निघून जायला वाट करून देत होते.

आम्ही पाच जण आहोत. एक पशुवैद्यकीय डॉक्टर, बँकेतल्या ताई, अडतीवर हळदीचा हिशेब लिहिणारे काका, पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आणि शाळेत विज्ञान शिकवणारी मी. गेली काही वर्षं रविवारी पहाटे हिंगोलीतून निघतो. सुरुवातीला डांबरी रस्त्यानं औंढ्याला जायचो, नागनाथाचं दर्शन घ्यायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होत. ट्रकांची वर्दळ वाढली तसा तो रस्ता नकोसा झाला. शिवाय वाटेत दर वेळी बाजूच्या टेकड्यांवर चढणाऱ्या पाऊलवाटा दिसायच्या. एका रविवारी डॉक्टरांनी न बोलता हँडल वळवलं आणि आम्ही त्यांच्या मागं माळावर चढलो. तेव्हापासून आमचं फिरणं पांदणीतून, गाडीवाटांवरून, पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याकडेनं, सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या मुरमाड उतारांवरून चालतं.

या वाटांवर आमच्या जुन्या सायकली टिकेनात. कुणाची रस्त्यावरची बारीक चाकांची, कुणाची भाच्याची सोडून दिलेली. भरतीवाल्या मुलाकडे 'डबल शॉकअप'ची एक होती, मागंही स्प्रिंग असलेली. दिसायला मोठी रुबाबदार. चढावर तो पायडल मारायचा आणि त्याचा निम्मा जोर ती स्प्रिंग खाऊन टाकायची. पोरगं सोळाशे मीटर धावायच्या तयारीचं, तरी काकांच्या मागं पडायचं. तेव्हा ठरलं की नीट विचार करून सायकली घ्यायच्या. पुढं शॉकअप असलेली, मागं ताठ. दुकानदार तिला हार्डटेल म्हणतात.

मी २०२५ च्या ऑगस्टमध्येच पैसे बाजूला काढले होते. बँकेतल्या ताई म्हणाल्या, "थांबा जरा, जीएसटी उतरणार म्हणतात." तसंच झालं. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, सायकलीवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण त्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. कयाधू पात्राबाहेर आली, रानात उभं सोयाबीन काळं पडलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या लेकरांच्या घरी त्या दिवाळीला काय शिजणार हा प्रश्न होता. अशा दिवसांत चाळीस हजारांची सायकल घ्यायची गोष्ट तोंडातून निघत नव्हती. दिवाळी गेली, राहिलेल्या रानात हरभरा पेरला गेला, लोक पुन्हा कामाला लागले, तेव्हा नांदेडला गेले.

दुकानात गेल्यावर माणूस गोंधळतो, कारण तिथं आकडे फार असतात. मी आकड्यांना भीत नाही, पण कुठला आकडा आपल्या वाटेचा आहे हे वाटेनंच सांगावं लागतं. आमच्या वाटेचं पहिलं म्हणणं काट्याचं. हिंगोलीच्या माळावर बाभूळ, हिवर, बोर आणि जिकडं तिकडं पसरलेली वेडी बाभूळ. शेतकरी पिकाभोवती काट्यांचं कुंपण घालतात आणि सुगी संपली की त्या फांद्या वाटेवर येतात. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरतो तो सरळ, आणि वरून मोडतो. ट्यूब बदलली तरी त्याचं टोक आत टायरमध्येच राहतं आणि शंभर पावलांवर नवी ट्यूबही बसते.

यावरचा उपाय मला गावाच्या कडेला पंक्चरचं दुकान असलेल्या चाचांनी शिकवला. त्यांनी टायरच्या आतून हात फिरवला नाही. कापसाचा एक बोळा घेतला आणि तो टायरच्या आत गोल फिरवला. जिथं टोक होतं तिथं कापसाचा धागा अडकला. "बोटाला कळत नाही बाई, कापसाला कळतं," ते म्हणाले. त्या दिवशी माझ्या एका टायरमधून अकरा टोकं निघाली. तेव्हापासून माझ्या शीटखालच्या पिशवीत कापूस असतो. या जिल्ह्यात तो मिळायची अडचण नाही.

पण दर रविवारी अकरा काटे काढायचे तर फिरायचं कधी? म्हणून ट्यूबलेस. टायरच्या आत ट्यूबऐवजी दुधासारखं पांढरं द्रावण असतं, रबराच्या चिकाचं. रुईचं पान तोडलं की देठाला चीक येऊन जखम जशी बुजते तसंच हे काम. काटा शिरला की हवेबरोबर चीक भोकाशी येतो, तिथंच घट्ट होतो आणि भोक बंद. दुकानदारानं सांगितलं, सहा महिने बघायचं काम नाही. ते थंड गावात खरं असेल. आमच्याकडं चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये सायकल उभी असते, आणि आतला चीक दोन-अडीच महिन्यांत वाळून साय धरतो. तो वेळेवर भरायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

काटा हा माळाचा, तर चिखल काळ्या रानाचा. दोन्ही आमच्या एकाच फेरीत भेटतात. वर मुरूम, खाली ओढ्याच्या काठी चिकणमाती. म्हणून टायर फार रुंद घेतला नाही. सव्वादोन इंची घेतला, खड्यांमध्ये अंतर असलेला, म्हणजे माती अडकली तरी झटकली जाते. पुढं तीन चकत्या आणि त्यांच्यावर चेन ढकलणारा डिरेलर असली सायकल मी सोडून दिली, कारण चिखल पहिला तिथं बसतो. पुढं एकच चकती, बत्तीस दात्यांची. मागं नऊ, आणि त्यातली सगळ्यात मोठी एवढी मोठी की औंढ्याच्या मागच्या चढावर बसल्या बसल्या चढता यावं. ब्रेक डिस्कचे. चाकाच्या कडेवर घासणारे रबरी ब्रेक ओल्या मातीत सहाणेसारखे रिम झिजवतात. जुन्या सायकलीची अशी रिम मी बोटानं वाकवून पाहिली आहे.

शॉकअपचा धडा मात्र मला स्वतःच्या वजनानं शिकवला. माझं वजन बावन्न किलो. दुकानात दाखवलेल्या पहिल्या सायकलीला पुढं लोखंडी स्प्रिंगचा चिमटा होता. चिमट्याच्या चकचकीत नळीवर एक बारीक रबरी कडी असते. आपण बसलो की चिमटा किती दबतो ते ती कडी सांगते. एकशेवीस मिलिमीटर खेळ असलेल्या चिमट्यात साधारण वीस-पंचवीस मिलिमीटर तरी दबायला हवं, तर पुढं खड्ड्यात चाक जमिनीला धरून राहतं. मी बसले आणि कडी जेमतेम पाच मिलिमीटर सरकली. ती स्प्रिंग सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाचा अंदाज धरून बसवलेली होती. माझ्या हातांना तो चिमटा जवळजवळ ताठच. नंतर हवेचा चिमटा लावलेली सायकल दाखवली. छोट्या पंपानं त्यातली थोडी हवा सोडली, पुन्हा बसले आणि कडी बरोबर हव्या तिथं आली. आठेक हजारांचा फरक होता. माझ्यासारख्या हलक्या बाईनं बाकी कशातही काटकसर करावी, यात करू नये असं मी आता कुणालाही सांगते. फ्रेम मी लहान मापाची घेतली. दोन्ही पाय टेकवून उभं राहिल्यावर नळी आणि अंगात चांगली चार बोटं जागा राहते. माळावर अचानक थांबावं लागतं, आणि तेव्हा पाय जमिनीला पोचला पाहिजे.

मागं ताठ का, हे मला लोक विचारतात. पैसे हे एक कारण आहेच. मागच्या शॉकअपला सांधे असतात, सांध्यांत बेअरिंग असतात, आणि आमच्या मुरमाची बारीक धूळ बेअरिंगला खाते. पण याहून जवळचं कारण मला विज्ञानाच्या तासाला सापडलं.

औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, प्रयोगशाळा होणार आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्रानं तत्त्वतः आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटींची पूर्ण मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत लेझरचा झोत आणि टोकांना आरसे. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथं अशा दोन प्रयोगशाळा आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांना दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली गुरुत्वीय लहर पहिल्यांदा कळली. प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल मोजायची, तर जमिनीचा एवढासा कंपही आरशापर्यंत जाता कामा नये. म्हणून चाळीस किलोचे ते आरसे एकाखाली एक अशा चार लोलकांवर टांगलेले असतात. मुलांना हे समजावताना फळ्यावर मी सायकलीचं चाक आणि शॉकअप काढलं. म्हटलं, शॉकअपचं काम हेच, जमिनीची थरथर वर येऊ न देणं. लायगोत ते काम टोकाला नेलेलं असतं.

तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मग मॅडम, जमिनीचं काय चाललंय ते त्या आरशाला कळतच नाही का?" मी म्हटलं, कळू द्यायचंच नसतं. पण रविवारी माळावर तिचा प्रश्न माझ्याबरोबर होता. माझ्या हातांना शॉकअप आहे, हात शांत असतात, हँडल सुटत नाही. कंबरेखाली काही नाही. मागचं चाक ज्या दगडावरून जातं तो दगड मला कळतो. इथं मुरूम पक्का आहे, इथं नुसता भुगा आहे, इथं वरून कोरडी दिसणारी माती खाली अजून ओली आहे, ते मागच्या चाकाला आधी कळतं आणि तिथून मला. चढावर चाक सुटायला लागलं की अंग मागं घ्यायचं, उतारावर शीटवरून उठायचं, गुडघे सैल ठेवायचे. मग गुडघेच मागचा शॉकअप होतात. हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दगड आहे. त्याचीच माती होऊन आम्ही त्यात हळद लावतो. त्याच्याशी माझी ओळख दोन पायांवर चालून झाली नाही एवढी या एका ताठ चाकानं करून दिली.

डोंगरात चालवायच्या सायकलीची सुरुवातही ताठ सायकलींनीच झाली. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत, टमालपायस डोंगराच्या परिसरात, काही तरुण पोरं भंगारातल्या जाड टायरच्या, पन्नास-पन्नास पौंडांच्या जुन्या सायकली ट्रकमधून वर न्यायची आणि मातीच्या वाटेनं खाली सोडायची. ब्रेक पायडल उलटं फिरवून लागायचा. एका उतारात तो इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. तिथली पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ची. पुढं त्यांच्यातल्याच जो ब्रीझनं डोंगरासाठी मुद्दाम फ्रेम बनवल्या, आणि वीस वर्षांनी, १९९६ साली, अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पोचला.

हे वाचलं तेव्हा मला सालाशी थांबावं लागलं. १९७६ साली आण्णा चोवीस इंची काळ्या सायकलीला पुढं कडब्याची पेंढी, मागं कॅरिअरवर खताचं पोतं बांधून याच मुरमाच्या उतारानं आखाड्याकडं जात होते. त्यांच्याकडं शर्यत नव्हती, घड्याळही नव्हतं. उतार मात्र तसाच होता, ब्रेकही तसेच तापत असणार. तांड्यावरून दूध आणणारी माणसं, बाजारला निघालेली माणसं, सगळी त्याच वाटांनी सायकली चालवत होती. आमचं रविवारचं फिरणं त्यांच्या चाकोरीत चाललेलं आहे, हे मी माझ्या गटातल्या सगळ्यांना सांगत असते.

गटाचं म्हणाल तर सायकल निवडताना सगळ्यात जास्त वेळ आम्ही पाचही सायकलींचा मेळ बसवण्यावरच घालवला. डॉक्टरांना परवडत होतं, बारा गिअरची हलकी सायकल त्यांच्या मनात भरली होती. काकांनी त्यांना एवढंच विचारलं, "डॉक्टर, तुमची चेन सिद्धेश्वरच्या पलीकडं तुटली तर जोडायची कडी कुणाच्या खिशात असंल?" बारा गिअरची चेन अरुंद, तिला नऊवाल्याची कडी चालत नाही. डॉक्टर दोन दिवस विचारात होते. मग त्यांनीही नऊच घेतले. आज पाचही जणांची चेन एक, ब्रेकचे पॅड एक, मागच्या डिरेलरला धरणारा अॅल्युमिनियमचा हँगर एक. तो हँगर दगडाला लागला की मोडतो, फ्रेम वाचावी म्हणून तो मोडण्यासाठीच केलेला असतो, आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. म्हणून चार जणांनी एकाच फ्रेमची सायकल घेतली आणि पाचव्याच्या फ्रेमलाही तोच हँगर बसतो की नाही ते दुकानात उघडून बघितलं. चाकं मात्र दोन मापांची आहेत. उंच तिघांची एकोणतीस इंची, ताईंची आणि माझी साडेसत्तावीस. साडेसत्तावीसची ट्यूब अडीनडीला एकोणतीसच्या चाकात ताणून बसते, म्हणून अडचणीसाठीच्या ट्यूबा सगळ्या त्या मापाच्या. व्हॉल्व्ह सगळ्यांना मोटारसायकलीसारखा जाड, कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा मिळते. या जिल्ह्यात मोठं सायकल दुकान पन्नास-शंभर किलोमीटरवर असतं तेव्हा दुकान गटानंच बरोबर न्यावं लागतं, पाच पिशव्यांत वाटून.

आषाढीसाठी नर्सीहून नामदेवांची पालखी पंढरपूरला निघते. त्या दिंड्या बघत आम्ही मोठे झालो. शेवटचा माणूस दिसेनासा होईल इतकं पुढं कुणी जात नाही. आमच्यात शेवटी डॉक्टर असतात, ते जोरात चालवू शकतात म्हणूनच. पंप त्यांच्याकडं असतो.

त्या पंपाची एक गोष्ट आहे. नव्या सायकली यायच्या आधीची, दोन हिवाळ्यांपूर्वीची. माळ उतरून गाडीवाटेला लागलो तर एक मुलगी सायकल ढकलत चालली होती. आठवी-नववीची असेल. पाठीला दप्तर, हिंगोलीला कुठल्याशा परीक्षेला निघालेली. लांब राहणाऱ्या मुलींना शाळेसाठी सरकारी योजनेतून मिळते तसली तिची सायकल. मागच्या चाकात हवा नव्हती. आम्ही मोठ्या उत्साहानं उतरलो. पाच जण, तीन पंप, पिशवीभर हत्यारं. तिच्या ट्यूबला जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह होता, आत बारीक रबरी नळी असलेला. ती नळी चिरली होती. आमच्या एकाही पंपाचं तोंड त्याला बसेना, आणि ती बोटभर नळी, चाचांच्या दुकानात काही रुपयांत मिळणारी, आमच्यापैकी कुणाकडं नव्हती. ती म्हणाली, "राहू द्या मॅडम, मी जाते चालत," आणि गेली. ताईंनी तिला दप्तर तरी आमच्याकडं द्यायला सांगितलं. तिनं दिलं नाही. मी तेव्हा काहीच बोलू शकले नाही.

नांदेडला मी सायकलीआधी पंप निवडला. दोन्ही तोंडांचा. बारीक तोंड जुन्या व्हॉल्व्हलाही बसतं, हे काउंटरवर खात्री करून घेतलं. परतीच्या वाटेवर चाचांकडं थांबले. त्यांनी रबरी नळीचं एक वेटोळं कापून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

परवा फाल्गुनातल्या रविवारी पळस फुलला होता. हळद काढून शिजवायला लागले होते, आखाड्या-आखाड्यांवरून कढईचा वास येत होता. औंढ्याच्या बाजूच्या एका उतारावर आम्ही थांबून खालची वाट बघत होतो. मधे पावसानं खोदलेली चर, दोन्ही बाजूंना सुटे दगड. मागून घंटी वाजली. दोन मुली आल्या, एक चालवत होती, दुसरी कॅरिअरवर, मांडीवर भाकरीचं गाठोडं. आम्ही बाजूला झालो. उताराच्या तोंडाशी पुढची शीटवरून उठली, चरीच्या डाव्या अंगानं, जिथं मला जागा दिसलीच नव्हती तिथून, दगडाला न लागता सरळ खाली गेली. मागच्या मुलीनं गाठोडं घट्ट धरलं होतं, एवढंच.

"बघितलं का कुठून गेली?" भरतीवाला मुलगा म्हणाला.

आम्ही एकेक करून त्या डाव्या अंगानं उतरलो. खाली ओढ्याशी त्या थांबल्या होत्या, मागचं चाक दाबून बघत. डॉक्टर शेवटी उतरले, सायकल आडवी टाकली आणि पंप काढला.